फ्रिजमध्ये ठेवलेली किल्ली

मी दारू पीत नाही. तरी मुंबईतले शे-दीडशे बार मला आतून ठाऊक आहेत. कुठल्या बारचा मागचा दरवाजा गल्लीत उघडतो, कुठली मोरी तुंबते, कुठे पोटमाळ्याचा जिना इतका अरुंद की लाइटचा स्टँड वर चढत नाही, हे मी झोपेतही सांगेन. सिनेमांसाठी जागा शोधणं हा माझा धंदा. संध्याकाळी बारमध्ये शिरायचं, कोपऱ्यातलं टेबल धरायचं, लाइम सोडा आणि चणे मागवायचे आणि भिंती बघत बसायचं. एकट्यानं लाइम सोडा पिणाऱ्या माणसाकडे वेटर फार संशयानं बघतात. एक तर तो एक्साइजचा असतो, नाहीतर कुणाच्या तरी नवऱ्याच्या मागावर आलेला.

या धंद्यात एक मत मी वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात मांडत आलो. बारचा सीन असेल तर खरा बार पाहिजे, सेटवर उभा केलेला बार म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक. आज माझं मत याच्या नेमकं उलट आहे. ते कसं फिरलं हे सांगणं भाग आहे, कारण त्या मताच्या जोरावर मी बऱ्याच जणांना गप्प बसवलेलं आहे.

जुन्या हिंदी सिनेमातला बार म्हणजे झुंबरं, फिरता रंगमंच, नाचणारी हेलन आणि खलनायकाच्या हातातला काचेचा चषक. तसा बार मुंबईत कुणी पाहिला असेल तर त्याला माझा नमस्कार. मग १९९८ साली 'सत्या' आला. चाळी, गल्ल्या, घामट खोल्या, कॅमेरा थेट मुंबईत उतरलेला. आमच्या पिढीतल्या अनेकांची नजर त्या एका सिनेमानं बदलली. २००१मध्ये 'चांदनी बार' आला आणि बारमध्ये काम करणाऱ्या बाईला घर, पोरंबाळं, भूतकाळ असतो हे पडद्यावर दिसलं. मी या कामाला लागलो तेव्हा 'रिअल लोकेशन' हा आमचा मंत्रच होता.

माझ्या म्हणण्याला माझ्यापुरता एक नैतिक आधारही होता. इराण्याच्या हॉटेलावर लेख लिहिले जातात, परमिट रूमवर धाड पडते. इराण्याच्या मस्क्याची आठवण काढून लोक हळवे होतात; ज्या क्वार्टर बारमध्ये त्यांच्याच बापानं वीस वर्षं संध्याकाळ काढली, त्याचं नाव घरात कुणी घेत नाही. या जागांची नोंद ठेवणारं कुणी नाही, निदान आपण ठेवतोय, असं मी म्हणायचो. आणि वर न्यूयॉर्कचा दाखला द्यायचो. तिथे क्वीन्स भागातल्या वुडहेवनमध्ये नीअर्स टॅव्हर्न नावाचं एक जुनं मद्यालय आहे. आपली सुरुवात १८२९ सालची, असं ते सांगतं. मार्टिन स्कोर्सेसीच्या १९९०च्या 'गुडफेलाज'मधले काही प्रसंग तिथे चित्रित झाले. एका सिनेमानं गल्लीतला साधा बार जगाच्या नकाशावर नेला, असं मी प्रत्येक बारमालकाला रंगवून सांगत असे. मालक मान डोलवायचा आणि विचारायचा, "भाडं किती देणार?"

आता तो बार. लालबागच्या बाजूला, एका बंद गिरणीच्या भिंतीला टेकून. चौदा टेबलं, काळ्या काचांचा दरवाजा, आत मळकट पडदा. मालक उडुपीकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. वेटर मालवणचे, तीस वर्षं तिथेच, त्यांना सगळे मामा म्हणत. मामांचं पॅड-पेन्सिलशी वैर होतं. कुणाचा कितवा पेग, कुणाला बर्फ चालत नाही, कुणाची उधारी पगारापर्यंत थांबवायची, सगळं डोक्यात. भिंतीचा रंग एकेकाळी पोपटी असावा. दिग्दर्शकानं फोटो बघितले आणि म्हणाला, "हाच."

सौदा ठरताना अण्णांनी एकच प्रश्न विचारला होता. "आपल्या रोजच्या गिऱ्हाइकांचं काय?" मी म्हणालो, "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे अण्णा, बसतील कुठेतरी." एरवी एका दिवसाचं काम असलं की मी ड्राय डे गाठत असे. २ ऑक्टोबरला बार बंदच असतो, मालकाचा धंदा बुडत नाही आणि आमचं काम होतं. गांधीजयंतीच्या दिवशी मी किती जणांना खोटी दारू पाजली असेल याचा हिशोब नाही. पण हे तीन दिवसांचं काम होतं, तेही मे महिन्यात, आणि सलग तीन ड्राय डे काही आम्हाला मिळणार नव्हते.

पहिल्या दिवशी आर्टवाले आले. त्यांना ती भिंत पुरेशी कळकट वाटली नाही. त्यांनी तिच्यावर 'एजिंग' केलं, म्हणजे खऱ्या डागांच्या शेजारी खोटे डाग रंगवले. गल्ल्यावरचा गणपती आणि त्याचा लाल झिरो बल्ब उतरवून आत ठेवला. टेबलांवर ज्युनियर आर्टिस्ट बसले, ग्लासांत कोरा चहा ओतला. मग दिवे लागले.

त्या दिव्यांच्या उजेडात मला पहिल्यांदा बाहेरची माणसं दिसली. पाच-सहा जण होते, साठीच्या आसपासचे, फूटपाथवर दोरीपलीकडे उभे. ते शूटिंग बघायला आले होते असं मला वाटलं. खरं म्हणजे ते रोजच्यासारखे बारमध्ये आले होते. पंख्याखालच्या खुर्चीत आमचा एक ज्युनियर आर्टिस्ट झोकांड्या खात होता. बाहेरच्यांपैकी एकजण त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, "एका क्वार्टरवर डुलतोय तो. आम्ही तेवढी घेऊन भाजी आणतो घरी."

दिग्दर्शकाला हा माणूस आवडला. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "यांनाच बसवू या का त्या खुर्चीत?" मी विचारायला गेलो. गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. "नको, नको. घरी वाटतं मी सहा ते साडेसात वाचनालयात असतो."

मी हसलो. सेटवर येऊन सगळ्यांना तो किस्सा सांगितला, तेही हसले. आपण काय ऐकलं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुसरी गोष्ट फ्रिजची. आम्ही आवाज जागच्या जागी रेकॉर्ड करत होतो, त्यामुळे टेकच्या आधी पंखे बंद, एक्झॉस्ट बंद, फ्रिज बंद. जुना फ्रिज सतत गुरगुरतो, आणि ती गुरगुर संवादांत मिसळली की मग कुणाच्या बापाला निघत नाही. बंद केलेला फ्रिज नंतर चालू करायचं विसरू नये म्हणून साउंडवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज उघडावाच लागतो आणि बटण आठवतं. तिसऱ्या दिवशी साउंडवाला कंपनीच्या गाडीनं आला होता, म्हणून मी माझ्या मोटरसायकलची किल्ली ठेवली.

रात्री दोनला पॅकअप झालं. एक स्पॉटदादा धावत आला. "सर, तुमची किल्ली आत राहिली होती." मी त्याचे आभार मानले, किक मारली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मामांनी फ्रिज उघडला तेव्हा आतली सुरमई, कोळंबी, सगळं गेलेलं होतं. मला फोन आला नाही. दोन दिवसांनी हिशोब मिटवायला गेलो तेव्हा वासावरून समजलं. मी खजील होऊन खिशातून पैसे काढले, कंपनीला बिल लावलं नाही. अण्णांनी ते न मोजता गल्ल्यात टाकले. मग म्हणाले, "मासळीचं काय घेऊन बसलात, ती रोज येते. पण वाचनालयवाले आले नाहीत."

मामांनी माझ्यापुढे लाइम सोडा ठेवला. "त्यांना वाटतंय त्यांचा फोटो निघाला," ते म्हणाले.

मी सांगून बघितलं की ते कुठेच दिसत नाहीत, कॅमेरा आत होता, ते बाहेर होते. मामांनी टेबल पुसायला घेतलं. पुढच्या महिन्याभरात मी चार वेळा गेलो. पंख्याखालची खुर्ची दर वेळी रिकामी होती किंवा दुसऱ्याच कुणाच्या बुडाखाली.

मग मी जरा शहाण्यासारखा विचार करू लागलो. परमिट रूम हे नावच बघा. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. बंदी पुढे सैल झाली, कायदा मात्र गेला नाही. महाराष्ट्रात प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वयाची पंचवीस वर्षं. बंदीच्या काळात लोक आंटीच्या खोलीत, पलंगाखालून निघणाऱ्या बाटलीवर बसत. त्या काळाचा दबकेपणा या जागांच्या अंगात अजून आहे. म्हणून काळ्या काचा, म्हणून पडदा, म्हणून भर दुपारी आत रात्र. आर्ट डिरेक्टर त्याला 'टेक्श्चर' म्हणतात, मीही म्हणत असे. पण अण्णांच्या बारमध्ये दारूबरोबर विकला जात होता तो हाच अंधार. दीड तास कुणाला न दिसण्याची सोय. दारू कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्येही मिळते आणि स्वस्त मिळते. मी नेमका तिथे दिवे घेऊन गेलो होतो.

त्या सिनेमाच्या ट्रायलला मी मुद्दाम कान देऊन बसलो. सीन मिनिटभराचा. बारमध्ये जिवंतपणा यावा म्हणून पाठीमागे फ्रिजची गुरगुर घातली होती, साउंडच्या साठ्यातली. खऱ्या बारचा खरा फ्रिज बंद करून आम्ही कुठल्यातरी तिसऱ्याच फ्रिजचा आवाज लावला होता. माणसं भाड्याची, दारू म्हणजे चहा, अर्धे डाग रंगवलेले, गणपती आत. ज्या खरेपणासाठी मी भांडलो, त्यातली उरलेली गोष्ट म्हणजे एक पोपटी भिंत. तेवढी तर सुताराकडून आणि रंगाऱ्याकडूनही मिळते.

माझ्या त्या लाडक्या न्यूयॉर्कच्या दाखल्याचाही मी नीट माग काढला. जानेवारी २०२०मध्ये नीअर्स बंद व्हायची वेळ आली, कारण भाडं परवडेना. तीस वर्षांपूर्वी 'गुडफेलाज' तिथे झाला होता, म्हणून भाडं कमी झालं नव्हतं. शहराचे महापौर रेडिओवर लोकांचे फोन घेत होते, तिथे क्वीन्समधल्याच एका माणसानं फोन लावला आणि हा बार वाचवा म्हणाला. मग सूत्रं हलली, घरमालकाशी बोलणी झाली आणि पाच वर्षांचा करार झाला. बातम्यांमध्ये सिनेमाचं नाव होतं, त्याचा उपयोग झालाही असेल. पण फोन लावणारा शेजारी होता, आणि माझ्या रंगवलेल्या गोष्टीत शेजारी कधी नव्हताच.

दुसरी बाजूही आहे, ती मी लपवणार नाही. आमच्या भाड्यातून अण्णांनी नवा एक्झॉस्ट बसवला. शिवाय लालबाग-परळमध्ये पुनर्विकासाचा झपाटा असा की मी दाखवलेल्या काही जागांवर आज टॉवर उभे आहेत आणि त्या जागा फक्त आमच्या सिनेमांत उरल्यात. उद्या अण्णांचा बार पाडला तर त्या भिंतीचा पुरावा आमच्याकडेच असेल. हे मला अजून टोचतं आणि याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगू शकतो की वाचनालयवाल्यांना पुरावा नको होता.

गेल्या वर्षी एका नव्या दिग्दर्शिकेनं तोच बार मागितला. जुन्या सिनेमात बघितला होता म्हणाली. मी दोन दिवस घेतले आणि सांगितलं, "मालक नाही म्हणतोय." अण्णांना मी विचारलंच नव्हतं. त्यांनी कदाचित हो म्हटलं असतं, पैशांची गरज कुणाला नसते. माझ्या मतापायी त्यांचं तीन दिवसांचं भाडं बुडालं, तेव्हा हा निर्णय मी फार उदारपणे घेतला असं म्हणता येणार नाही. पण घेतला.

बार गोरेगावच्या चित्रनगरीत उभा राहिला. आर्ट डिरेक्टरला मी आठवून आठवून सगळं सांगितलं: काळ्या काचा, पडदा, पोपटी रंगाची छटा, गल्ल्यावरचा गणपती आणि त्याचा लाल बल्ब. पंख्याखालच्या खुर्चीचं मात्र बोललो नाही. फ्रिज भंगारातून आणलेला होता, बाहेरून अगदी तसाच, आत मोटार नसलेला. पहिल्या टेकच्या आधी साउंडवाल्यानं सवयीनं खिशातून किल्ली काढली, फ्रिजचं दार उघडलं, आत बघितलं आणि किल्ली परत खिशात टाकली.