हात मधे न घालता

माझे वडील, अण्णा, परळी वैजनाथला पॉइंट्समन होते. थर्मलच्या कोळशाच्या वॅगनी आणि प्रवासी डबे, दोन्ही त्यांनी जोडले, सोडवले. कोळशाच्या वॅगनींना मुठीसारखं कपलर असतं. दोन वॅगनी हळूच एकमेकींवर ढकलल्या की मुठी आपोआप अडकतात. जुन्या निळ्या प्रवासी डब्यांचं तसं नाही. तिथे माणूस बफरांच्या मधे वाकून शिरतो, जड कडी उचलून समोरच्या आकड्यात घालतो आणि स्क्रू आवळतो. दहाही बोटं शाबूत घेऊन रिटायर झालो, हे अण्णा पेन्शनपेक्षा जास्त अभिमानाने सांगतात.

आमच्या बीडच्या घरात एक खेळण्यातली गाडीही आहे. १९८२ साली आत्याच्या दिरांनी शिकागोहून आणलेली. एचओ माप, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एक डिझेल इंजिन, सहा मालडबे. अण्णा सुट्टीला यष्टीने परळीहून आले की ती पलंगाखालून निघायची. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. गल्लीतल्या कित्येक पोरांनी पहिली आगगाडी पाहिली ती आमच्या ओसरीवर.

त्या काळच्या अशा गाड्यांना ‘हॉर्न-हुक’ नावाचं प्लास्टिकचं कपलर असे. ते बाजूच्या दाबावर अडकतं. गाडी ओढताना ठीक, पण मागे ढकलली की तोच दाब हलक्या डब्याला रुळावरून बाहेर रेटतो. आणि आमच्याकडे डबा सोडवायची एकच रीत होती: बोटांनी उचलायचा.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना पार्किन्सनचं निदान झालं. एक डबा उचलायला गेले की शेजारचे दोन आडवे व्हायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी गाडी गुंडाळून पलंगाखाली सरकवली. कुणाला काही बोलले नाहीत. जेवण सांडलं तर चिडणारा माणूस याबद्दल गप्प राहिला, तेव्हा आम्हाला ते जास्त लागलं.

यावर उपाय होता. केडी नावाच्या अमेरिकन कंपनीची धातूची कपलरं मिळतात, हुबेहूब खऱ्या मुठीसारखी. खाली एक वाकडी तार लोंबते. रुळांच्या मधे चुंबक बसवायचं. जोड चुंबकावर थांबवून ताण सैल केला की तारा बाजूला खेचल्या जातात, मुठी उघडतात, डबा सुटतो. हात लावावा लागत नाही.

अडचण वेगळीच होती. आमच्या डब्यांची जुनी कपलरं चाकांच्या बोगीलाच एकसंध ओतलेली. ती जीभ कापल्याशिवाय नवं बसत नाही, आणि कापलेली परत जुळत नाही. पुण्याच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्यांचा फोन आला, ‘‘कापू नका. मूळ स्थितीतल्या गाडीलाच किंमत असते. आहे तशी मला द्या.’’ त्यांनी सांगितलेला आकडा अण्णांच्या सहा महिन्यांच्या औषधांना पुरला असता. मी दोन दिवस घोळत राहिलो. शेवटी अण्णांनाच विचारलं.

‘‘कपाटात ठिवायला आणली व्हती का?’’ ते म्हणाले. ‘‘काप.’’

मग मी त्यांना इलाय जॅनींची गोष्ट सांगितली. अमेरिकेत पूर्वी कडी आणि खिळ्याने डबे जोडत; त्यात कामगारांची बोटं जात, जीवही जात. जॅनींनी १८७३ साली मुठीच्या कपलरचं पेटंट घेतलं आणि १८९३ साली आपोआप जुळणारी कपलरं वापरण्याची सक्ती करणारा कायदा झाला. अण्णांनी ऐकलं, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. म्हणाले, ‘‘बरोबर हाय. हात मधी घालायचंच काम न्हाई.’’

सुभाष रोडवरच्या एका सोनाराने आपलं हातड्रिल दिलं. डब्याच्या पोटाला बारीक भोक पाडायचं, आटे पाडायचे, कपलरची डबी स्क्रूने कसायची. उंची जरा चुकली तर एक मूठ दुसरीवरून निसटते, म्हणून मापाच्या पट्टीशी प्रत्येक डबा लावून पाहायचा. खालची तार रुळाला घासता कामा नये. दोन डब्यांचे आस पोलादी निघाले. चुंबक आलं की डबे आपणहून तिकडे धावत. त्यांची चाकं बदलली. दीड महिना रात्री हेच चाललं. अण्णा शेजारी बसून ‘‘वर हाय’’, ‘‘खाली हाय’’ सांगायचे. त्यांची नजर अजून पॉइंट्समनची आहे.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली. परळीकडचा रूळ तेव्हा अजून जोडायचा होता, याची अण्णांनी सगळ्यांना आठवण करून दिली.

आता ओसरीवर रोज संध्याकाळी शंटिंग असतं. वेगाचं बटण लहान होतं, त्यावर बरणीचं झाकण चिकटवलंय. ते तळहाताने फिरवता येतं. हात थरथरतो, गाडीही कधी गचका खाते. अण्णा डबा चुंबकावर आणतात, जरा मागे घेतात, थांबतात. मूठ उघडते. कापलेल्या जिभा औषधाच्या बाटलीत ठेवल्यात. नातवाने विचारलं की अण्णा ती बाटली खुळखुळवून दाखवतात.