लांडगा की कोल्हा?

अंजनगाव सुर्जीचे नाव विद्यार्थ्यांना इतिहासात भेटते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात येथे तह झाला. या गावाच्या उत्तरेस सातपुड्याचे डोंगर आहेत, दक्षिणेस वऱ्हाडची काळी, सपाट भूमी पसरली आहे आणि भोवती पानमळे, संत्र्यांच्या बागा व कपाशीची शेते आहेत. अशा ठिकाणी रान आणि शिवार यांची सीमा पुसट असते. दिवस मावळला, की माणसांची वर्दळ थांबते आणि वन्य प्राण्यांची सुरू होते.

त्या अंधूक प्रकाशात एखादी करडी आकृती बांधावरून झरकन निघून जाते. पाहणारा ओरडतो, "लांडगा!" पुष्कळदा तो असतो कोल्हा. दोघेही श्वानकुलातले, दोघांचा रंग मातकट, शेपटीचे टोक काळसर. मग भेद ओळखावा कसा?

केवळ आकारावर विसंबू नये. दूरवरच्या प्राण्याचा आकार डोळ्यांना फसवतो. अंगलट पाहावी. लांडग्याचे पाय लांब, छाती अरुंद, डोके मोठे व जबडा भक्कम असतो. कोल्हा ठेंगणा, त्याचे तोंड निमुळते. वजनाने कोल्हा ८ ते ११ किलो भरतो, तर लांडगा साधारण २० किलोंचा असतो. कर्नल साइक्स यांनी १८३१ साली दख्खनच्या लांडग्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या फिकट पायांवरूनच त्याला नाव दिले.

डोळे चुकले, तरी कान साक्ष देतात. तिन्हीसांजेला एकाने सूर लावावा आणि चहूकडून त्याला साथ मिळावी, ती कोल्हेकुई. लांडग्याची हाळी लांबलचक, खोल आणि क्वचितच ऐकू येणारी. आहारातही अंतर आहे. "कोल्हा काकडीला राजी" ही म्हण निरीक्षणातूनच जन्मली. उंदीर, बोरे, टरबुजे, मेलेले जनावर, कोल्ह्याला काहीही चालते. उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचे पीकही राखतो. लांडगा मात्र शिकारीवर जगतो. माळावरची हरणे व ससे कमी झाले, की तो शेळ्यामेंढ्यांकडे वळतो.

अनुभवी मेंढपाळ सकाळी मातीवरचे ठसे वाचतो. कोल्ह्याचा ठसा लहान, लांडग्याचा मोठा व लांबट. परंतु खरा घोटाळा करतो तो भटका कुत्रा. त्याचा ठसा लांडग्याच्या ठशासारखाच दिसतो. तेव्हा माग पाहावा. कुत्रा इकडे तिकडे हुंगत भटकतो. लांडग्याची पावले सरळ रेषेत पडतात. प्राणी नजरेस पडलाच, तर शेपटी पाहावी. कुत्र्याची बहुधा वर वळलेली, लांडग्याची खाली लोंबणारी.

हा भेद जाणणे ही केवळ हौस नव्हे. लांडग्याने किंवा कोल्ह्याने जनावर मारले, तर पंचनाम्यानंतर शासनाकडून भरपाई मिळते. त्या यादीत भटका कुत्रा नाही. उलट, कुत्र्याच्या अपराधासाठी लांडग्याची बीळे धुराने कोंडली जातात किंवा मेलेल्या मेंढीत विष घातले जाते. त्या विषाने कोल्हे, घारी आणि राखणीची कुत्रीही मरतात. इंग्रजी अमदानीत लांडगा मारणाऱ्यास बक्षीस मिळे. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांच्याही शिकारीस बंदी आहे. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघ होते. लांडगे त्याहूनही कमी, सुमारे ३,००० असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अमेरिकेतही कायोटी समजून लांडगे मारले जातात. तेथला कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगावी. भरदिवसा निर्भयपणे माणसाच्या अंगावर येणारा कोल्हा किंवा लांडगा पिसाळलेला असू शकतो. तो चावल्यास जखम साबण व पाण्याने धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

नाव ठेवण्यास क्षण पुरतो, नाव ओळखण्यास धीर लागतो. ज्याला रानातल्या मुक्या जीवावर आळ घेण्यापूर्वी चार खुणा तपासण्याची सवय लागली, तो माणसांविषयीही सहसा घाईने निवाडा करीत नाही.