सहलीची यादी

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या मिरजगावात पाहण्यासारखं काय आहे, असं पाहुणे विचारतात. गावात फारसं नाही. पण आजूबाजूला पुष्कळ आहे. यंदा उर्दू शाळेच्या सहलीसाठी मी फळ्यावर यादीच लिहिली. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, १९८० साली झालेलं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. चौंडी, जिथं १७२५ साली अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. खर्ड्याचा किल्ला, १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते हेच खर्डा.

पाचवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, इसमें अपना क्या है?"

खडू हातातच राहिला. मग घाईघाईनं खाली दोन नावं लिहिली. श्रीगोंदा : तिथल्या संत शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. नगरचा किल्ला : १९४२ नंतर मौलाना आझाद तिथं कैदेत होते, 'गुबारे खातिर'मधली पत्रं त्यांनी तिथंच उर्दूत लिहिली. मुलगी खूश झाली.

अस्वस्थ झालो तो मीच. वरची तीन नावं परक्यांची, हे मी न बोलता कबूल करून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी फळा पुसला आणि पाचही नावं एकाखाली एक, मध्ये रेघ न ओढता, पुन्हा लिहिली.

सहल आधी रेहेकुरीला गेली. गवतातून काळवीट उधळलं, तशी तीच मुलगी ओरडली, "सर, देखो, अपना हिरन!"