काय करताना लागलं?

जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्यांना तोटा नसतो. हजेरी, आवक-जावक, साठा, शेरेबुक, शिवाय वाढण्याआधी खिचडी चाखली म्हणून सही करायची ती चव नोंदवही. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका शाळेत मी शिकवतो. साहेब आले की आधी या वह्या मागतात. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना भाजलं तर कुठे लिहायचं, याला मात्र जागा नव्हती.

उसळीचा गंज उतरवताना मावशींच्या मनगटावर उकळतं पाणी सांडलं. कुणीतरी टूथपेस्ट घेऊन धावलं. ती बाजूला ठेवायला लावून मी त्यांचा हात नळाखाली धरला. भाजल्यावर आधी वीसेक मिनिटं वाहतं पाणीच हवं. आपल्याकडे हळद, तूप, शाई यांचीच घाई. मावशी म्हणत होत्या, “कायी नाई सर, उलसं पोळलं. तुमी पोरायले जेवाले बसवा.”

पोराला लागलं असतं तर वाट ठरलेली होती. राजीव गांधींच्या नावाची विद्यार्थी अपघात योजना आहे, तिचा अर्ज आहे, जोडायच्या कागदांची यादी आहे. मावशींना तेव्हा महिना २,५०० रुपये मानधन, तेही वर्षातले दहा महिने. त्यांच्या भाजण्याबद्दल मी तालुक्याला पत्र दिलं. तिथल्या बाबूंनी विचारलं, “सर, हे कोणत्या विषयात घेऊ?” शेवटी ते किरकोळमध्ये गेलं.

कामाच्या जागी अपघाताची वही ठेवायला लावण्याची तरतूद १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही होती. शंभर वर्षांपूर्वी सुचलेली गोष्ट आपण का करू नये, म्हणून मी दोनशे पानी वही आखली. तारीख, कोणाला, काय करताना, लगेच काय केलं, पुढे काय बदललं. मावश्या वहीकडे फिरकेनात. “नाव लिवलं तं कमी करतीन काय?” ही भीती खोटी म्हणता येईना, नेमणूक वर्षा-वर्षाची, आणि जागेवर डोळा ठेवून असलेल्या बाया गावात पुष्कळ. मग कपाटाच्या पत्र्याने माझा अंगठा कापला, तेव्हा पहिली नोंद माझीच केली. त्यानंतर हळूहळू बाकीच्या आल्या.

‘काय करताना’ हा रकाना सगळ्यात कामाचा निघाला. जाळाने कुणालाच भाजत नव्हतं. भाजत होतं ते गंज खाली घेताना. सत्तर पोरं, पाचवीपर्यंत दर पोरामागे १०० ग्रॅम आणि वरच्या वर्गांना १५०, म्हणजे सात किलोंच्या वर तांदूळ. शिजून, पाण्यासकट, तो वीस किलोंच्या वर जातो. गंजाचं वजन वेगळं. सव्वीस ते शंभर पोरांमागे दोन मदतनीस मिळतात, पण एकीच्या घरी सोयाबीनची सोंगणी निघाली की दुसरी एकटीच गंज उचलते. आता निम्मा भात शेगडीवरूनच डोयाने काढून घेतात, मग गंज हलवतात. एकटी असेल तिने हाक मारायची. सातवीचा तास असला तरी मी जातो.

जाळाने भाजत नसलं तरी आगीची भीती होतीच, आणि आग विझवायचा लाल सिलिंडर मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगलेला होता. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी ९४ मुलं गेली, ती आग शाळेच्या स्वयंपाकघरातूनच पसरली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांना ही साधनं सक्तीची केली, ती त्याच प्रकरणानंतर. चोरीला जाईल म्हणून साधन खुर्चीमागे आणि जाळ मागच्या शेडात, अशी आमची व्यवस्था. बरीच हुज्जत घालून सिलिंडर शेडाच्या दाराबाहेर आणला, आणि पिन कशी ओढायची ते मावश्यांना दाखवलं.

मार्चात सकाळची शाळा सुरू झाल्यावर धाकट्या मावशींनी विचारलं, “सर, भोवळ आली, ते बी लिवाचं काय?” घाटाखालचा उन्हाळा, वर पत्रा, समोर दोन शेगड्या. मी म्हटलं, लिहा. त्या आठवड्यात तीच नोंद पुन्हा आली. गावातल्या एका शेतकऱ्याने जुनी हिरवी नेट दिली, ती पत्र्यावर अंथरली. धान्य आदल्या दुपारीच निवडून ठेवतात, म्हणजे ऊन चढायच्या आत जाळ बंद होतो. भाजी मात्र सकाळीच येते, आणि तिची चिराचिरी करेपर्यंत पत्रा तापलेला असतो. त्यावर अजून तोड सापडलेली नाही.