पायरीवरचा

गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात कोण कुठं बसतो, त्यावरून त्याची पत कळते. गादीवर मालक, लगत मुनीम, पांढऱ्या चादरीवर ताके उलगडणारी पोरं. आणि बाहेर पायरीवर दाभण-सुतळी घेऊन बसलेला गठाण शिवणारा. गल्लीतल्या दहा दुकानांचा माल तो शिवतो, पण मस्टरवर त्याचं नाव एकाही दुकानात नसतं. तो आला नाही की माल ट्रान्सपोर्टला जात नाही, एवढंच.

अशाच एका दुकानाच्या माळ्यावर बिलं काढायच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी आर्च लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवतो. तिथला पायरीवरचा माणूस म्हणजे पॅककॅश.

तशी ही साधी बॅश स्क्रिप्ट, काम झाडझुडीचं. गादीवर बसतो तो पॅकमन, सॉफ्टवेअरची पॅकेजं आणून बसवणारा, जड व्हिनेटनं 2002 साली आर्चसोबत उभा केलेला, सी भाषेतला. त्याला एक खोड आहे: एकदा आणलेलं पॅकेज तो आपणहून टाकत नाही. ब्राउजरची नवी आवृत्ती आली तरी जुनी कॅशच्या फोल्डरात तशीच, तिच्याही आधीची तिच्याखाली. कापडवाल्याला ही सवय ओळखीची आहे; चार दिवाळ्यांपूर्वीचं डिझाइन कधीतरी कुणीतरी मागेल म्हणून ठेवलेलं असतंच. पॅककॅश येतो, प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवतो आणि बाकीच्या उचलतो. तीनच का, तर नवी बिघडली तर मागे फिरायला जागा हवी. भिडस्तही आहे. ‘डी’चा पर्याय दिला तर हात लावत नाही, किती फायली जातील आणि किती जागा सुटेल तेवढं सांगून गप्प बसतो.

आधी हा पॅकमनच्याच घरात राहायचा, ‘कॉन्ट्रिब’ नावाच्या ओसरीवर. सोबतीला नवे अपडेट चाचपणारा चेकअपडेट्स, मिरर सर्व्हरांचा वेग मोजणारा रँकमिरर्स, बदललेल्या कॉन्फिग फायली जुळवणारा पॅकडिफ. मे 2018 मध्ये पॅकमन 5.1 आला आणि या सगळ्यांचं बिऱ्हाड ‘पॅकमन-कॉन्ट्रिब’ या वेगळ्या पॅकेजात हललं. पॅकेज बांधणारा मेकपीकेजी, रेपो सांभाळणारा रेपो-ॲड, सह्यांच्या किल्ल्या राखणारा पॅकमन-की मात्र आतच राहिले. तेही स्क्रिप्टच, पण त्यांच्याशिवाय दुकानच उघडत नाही.

मला ही वाटणी तेव्हा खटकली, अजून थोडी खटकते. पसारा करणारा गादीवर आणि आवरणारा पायरीवर! पण घरातल्या माणसाला घराच्या चालीनं चालावं लागतं. पॅकमन 5.0 जानेवारी 2016 चा, तिथून 5.1 यायला सव्वादोन वर्षांहून जास्त लागली. झाडूची एक काडी बदलायची तर तेवढा काळ मालकाच्या मुहूर्ताची वाट कोण बघणार? बाहेर पडल्यावर या मंडळींना स्वतःच्या आवृत्त्या काढता आल्या.

माझी फजिती झाली ती माझ्याच आळसानं. अपडेटनंतर पॅककॅश आपोआप चालावा म्हणून मी हुक लावला होता. 5.1 आल्यावर हुक दर वेळी ओरडायचा, कमांड सापडत नाही म्हणून, आणि मी ती ओळ न वाचताच खिडकी बंद करायचो. शेवटी ऐन सीझनात डिस्क भरली. खालून हाक आली, ‘‘भाऊ, बिल काऊन निघून नाही राहिलं?’’

पॅकमन-कॉन्ट्रिब बसवून पॅककॅशला हाक मारली. किती फायली उचलल्या आणि किती जागा सुटली, एवढी एक ओळ लिहून तो थांबला. खाली प्रिंटर खरखरला. मग मी पॅककॅशचा टायमर चालू केला. आता आठवड्यातून एकदा स्वतःच येतो. पायरीवरच्यानं दाताखाली सुतळी तोडली आणि पुढच्या दुकानाकडे निघाला.