आजीची लय

माझ्या आजीच्या ओव्यांची एक कॅसेट आहे. मामाने १९९४ साली टेप केलेली. साथ नाही, तंबोरा नाही, जात्याची घरघरसुद्धा नाही. गिरणीचं पीठ घरात येऊ लागून तेव्हा कैक वर्षं झाली होती. आजी ओसरीवर नुसती बसून गायली. यंदा मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात त्या ओव्या हलक्या तबल्यासह ऐकवायचं ठरलं. तबला वाजवणारा मुलगा इथे एडिसनमध्येच वाढलेला. त्याने विचारलं, "मावशी, टेम्पो किती?"

त्याच्या लॅपटॉपने एकदा मिनिटाला ६६ सांगितले, एकदा १३२. हे दुप्पट-निमपट होणारच. संगणक आघात शोधतो, आणि नुसत्या गळ्यात स्वर एकमेकांत वाहत जातात. मी जुनाच उपाय केला. जिथे अक्षरावर जोर येतो तिथे टिचकी, पंधरा सेकंदांच्या टिचक्या गुणिले चार. ६६च्या आसपास आले. पण दर एक-दोन ओव्यांनंतर आजी थांबते, कधी थोडी, कधी जास्त. तो म्हणाला, "या गॅप्स कापून सारख्या करू या."

सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. "अरे, ती वैरण घालतेय!" वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात सोडायची दाण्यांची मूठ. त्यांनी खुंटा धरल्यासारखा उजवा हात फिरवायला सुरुवात केली. एका फेऱ्यात माझ्या दोन टिचक्या बसल्या, आणि आजी थांबली तिथे त्यांचा डावा हात आपोआप पुढे आला. समोर जातं नसतानाही आजी दाण्यांसाठी थांबत होती.

शाळेत मी ओवीचे साडेतीन चरण फळ्यावर मोजून दाखवायचे. माझ्या टिपणांत वैरण कुठेच नव्हती. शब्द वहीत उतरवता येतात, हे थांबणं आवाजातच राहतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, बर्नार बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. 'पारी'वर त्या ऐकायला मिळतात, जरूर ऐका.

आम्ही काहीच कापलं नाही. तबला ६६ला धरायचा, आजी थांबली की हात उचलायचा आणि तिची वाट बघायची. एवढा तयारीचा मुलगा, पण त्याला तेच जड गेलं. तालमीत दोनदा तो तिच्या आधीच सुरू झाला. "दाणे पडू देत की रे आधी," सासूबाई म्हणाल्या.