चौदापैकी दोन

थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, आजारात माझ्याकडून दोन चुका झाल्या. पहिलीने उपचाराला उशीर झाला. दुसरीने तर त्या उपचारच सोडून बसणार होत्या.

सिहोऱ्यात रोवण्याच्या दिवसांत सगळं घर बांधीत असतं. तेव्हाच ताईंनी मला काखेतली गाठ दाखवली. घरात शिकलेली मीच, म्हणून माझा शब्द चालायचा. मी चाचपून सांगितलं, “काखमांजरी आहे, शेकत राहा.” काखमांजरी लाल होते, ठणकते. ही गाठ टणक होती आणि मुळीच दुखत नव्हती. “मले काही त्रास नाही, रोवणा होऊ दे, मंग पाहू,” ताई म्हणाल्या आणि मीही गप्प बसले. छातीत गाठ लागते का, हे विचारायची मला लाज वाटली. तिथेही गाठ होती.

धान घरात आल्यावर नागपूर गाठलं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. रिपोर्टात काखेतल्या लसिका ग्रंथींपुढे 2/14 असं लिहिलेलं होतं. माझी नजर 14 वरच अडकली. कुणालाही न विचारता मी मोठ्या भाऊजींना सांगून टाकलं, चौदा गाठींत पसरलाय. घरात रडारड झाली, पोरीचं लग्न उरकून घ्यायची बोलणी निघाली. ताई म्हणाल्या, “आता केमोसाठी वावर नका विकू.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी तो आकडा उलगडून सांगितला. ग्रंथी 14 तपासल्या, रोग निघाला 2 मध्ये. एक ते तीन, चार ते नऊ, दहा किंवा जास्त, असे गट धरतात. गट वाढला की रोग परतण्याचा धोका वाढतो. पण रोगाचं पुढे काय होणार, हे एकट्या त्यावर ठरत नाही. गाठीचा आकार, तिची ग्रेड, हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू हेही पाहावं लागतं.

नंतर मी मिळेल ते वाचत गेले. बर्नार्ड फिशर यांच्या गटाने 1971 मध्ये अमेरिकेत एक चाचणी सुरू केली. ज्यांच्या काखेत हाताला गाठ लागत नव्हती, अशा काही बायकांच्या ग्रंथी लगेच काढल्या, काहींच्या तशाच ठेवल्या आणि पुढे गाठ आली तरच काढल्या. 25 वर्षांनीही जगण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे काखेतल्या ग्रंथी रोगाचा अंदाज देतात. पण जीव वाचवायला केमो, गोळ्या असे साऱ्या शरीराचे उपचार लागतात. आमच्या घरात नेमके तेच बंद व्हायचे होते.

टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने 2023 मध्ये सुमारे 1,600 भारतीय बायकांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सगळ्या लवकरच्या टप्प्यातल्या, काहींच्या काखेत रोग पोचलेला. ऑपरेशनआधी गाठीभोवती बधिरतेचं इंजेक्शन दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरात सुमारे 90 जिवंत होत्या, न दिलेल्यांपैकी 86. म्हणजे काखेत रोग पोचला की सगळं संपलं, असं नव्हतंच. ते आकडे वाचताना मला घरातली ती रडारड आठवली आणि स्वतःचा फार राग आला.

ताईंनी केमो पूर्ण घेतली. गोळी अजून चालू आहे.

बायांनो, काखेत किंवा छातीत न दुखणारी गाठ लागली तर हंगाम संपायची वाट पाहू नका. रिपोर्ट हाती आला की घरी काही सांगण्याआधी डॉक्टरांना विचारा: ग्रंथी किती तपासल्या, रोग कितींत निघाला आणि आता उपचार कोणता?